कोंड साफ केली

उदाची विष्ठा काडीने फोडून बघणारी बाई म्हणून मी आमच्या गावात प्रसिद्ध आहे. ऊद म्हणजे पाणमांजर. नदीच्या वळणावर एक सपाट कातळ आहे, त्यावर हे प्राणी रोज त्याच जागी घाण करायचे. सकाळी जाऊन ताजी घाण शोधायची, फोडायची, आत माशांचे खवले किती आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे किती ते बघायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. वाटेवर भेटणारे नाक मुरडतात. "काय गो उदाचे आवशी, आज काय जेवलो तुझो झील?" असं विचारून हसतात; आवस म्हणजे आई, झील म्हणजे मुलगा. मी पण हसते. त्या घाणीला सुक्या मासळीचा वास येतो, आणि माझं माहेर आचऱ्याकडचं, रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचं. मला त्या वासाची कधी किळस आली नाही. किळस मला ज्याची आली ते सांगायला बसले आहे, आणि त्यात मी स्वतःही आहे, हे आधीच सांगून टाकते.

या कामाला मी काही हौसेने लागले नाही. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती करायची होती आणि सहीला बाई हवी होती. माझा धाकटा दीर देवळातला मानकरी, गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्याने माझं नाव सुचवलं. पहिल्या बैठकीला चहा-बिस्किटं झाली, सगळ्यांनी सह्या केल्या आणि गावातली झाडं, पक्षी, मासे, जनावरं लिहायची ती जाडजूड नोंदवही माझ्या पिशवीत येऊन पडली. इतर सदस्यांनी ती पुन्हा कधी उघडून बघितली असेल तर मला दाखवा.

आता कोंडीचं सांगते. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. आमच्या देवळाच्या खालच्या अंगाला जी आहे ती देवाची कोंड. तिथे वर्षभर कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. वैशाखात एकदा देवळात गाऱ्हाणं घालायचं, मग अख्ख्या गावाने कोंडीत उतरायचं, हातांनी आणि टोपल्यांनी मासे धरायचे, अर्धी कोंड तशीच सोडायची आणि मिळालेल्या माशांचे घराघराला सारखे वाटे करायचे. माहेरी समुद्राकाठी मी मासे धरण्याची नाही ती हावरट तऱ्हा बघितली होती. त्यामुळे लग्न होऊन इथे आले तेव्हा ही अर्धी कोंड सोडण्याची रीत बघून मला या माणसांचं फार कौतुक वाटलं होतं. आज ते आठवलं की माझं मलाच हसू येतं.

मग एका पावसाळ्यात मोठा पूर आला, वरची माती उतरली, कोंड निम्मी बुजली. त्यानंतरच्या वैशाखात बोटाएवढे मासे मिळाले. समितीत मी म्हटलं, थोडी वर्षं हात लावू नका. माझं कोण ऐकतंय? पण दिराला पटलं. त्याने देवाला कौल लावला, फूल उजवीकडून पडलं, आणि तीन वर्षं कोंडीतले मासे मारायचे नाहीत असं ठरलं. वनखात्याने लावलेली पाटी लोक चुलीला घालतात, पण कौल म्हटल्यावर एक माणूस फिरकला नाही. मी खूश होते.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत ऊद आले. पहिल्यांदा कातळावर घाण दिसली, मग वाळूत पावलं, आणि एका सकाळी करंजाच्या मुळांतून मादी बाहेर आली, मागोमाग तीन पिल्लं. पिल्लांना पाणी आवडत नव्हतं. आई मानगूट धरून आत टाकायची, ती कुईकुई करत बाहेर यायची, ती पुन्हा टाकायची. मी नोंदवहीत लिहिलं: मादी एक, पिल्लं तीन. रकाना एवढासाच होता. नाहीतर मी आणखी पानभर लिहिलं असतं.

आमच्या नदीचं वेळापत्रक सरळ आहे. पावसाळ्यात मासे अंडी घालायला वर चढतात, ओहोळात, शेताच्या बांधापर्यंत येतात, उदांना कुठेही खायला मिळतं. दसऱ्यानंतर पाणी निवळतं. शिमग्यापर्यंत नदी तुटते, नुसती डबकी उरतात, आणि तिथून पाऊस येईपर्यंत खायला मिळेल असं पाणी एकच, देवाची कोंड. खाली खाडीत जावं तर तिथे होड्या, जाळी, कुत्रे. म्हणजे त्या आईला तीन महिने निभावायचे होते. तेवढे कोंडीने दिले की पिल्लं मोठी होणार आणि पुढे आपली आपण खाणार. पहिली पिल्लं तशी वाढली, पांगली. पुढच्या थंडीत तीच मादी परत आली. डाव्या कानाला खाच होती, म्हणून ओळखली. या वेळीही तीनच पिल्लं होती. कौलाचं ते शेवटचं वर्ष, येणारा वैशाखही त्यातच धरलेला.

त्या थंडीत मी नुसती ओरडत होते. बंधारा घालायला सिमेंटच्या जुन्या गोण्यांत वाळू भरतात. उन्हाने त्या गोण्या फाटतात आणि त्यांचे पांढरे दोरे पाण्यात सुटतात. ते दोरे मला उदाच्या विष्ठेत मिळाले. नाताळच्या सुट्टीत मालवणला आलेले पाहुणे गाड्या घेऊन 'शांत जागा' शोधत वर येतात. ते बाटल्या टाकून गेले, कोंबडीची हाडं टाकून गेले, एका बाळाचा लंगोट तर नेमका उदांच्या कातळावर ठेवून गेले. पाहुण्यांना कशाला बोलायचं? आमचेच बागायतदार आंब्याची फवारणी झाली की पंप कोंडीच्या वरच्या ओहोळात खळखळून धुतात. मी काठावर उभी राहून भांडले तर एकजण म्हणाला, "व्हाता पाणी आसा गो, व्हावान जाता." वाहून कुठे जातं, हे त्याला विचारायचं नव्हतं.

समितीच्या प्रत्येक बैठकीत मी एकच सांगत राहिले: कोंड साफ करा. ग्रामसभेत सांगितलं, कोंड साफ करा. दिराच्या ओसरीवर बसून सांगितलं, भावजीनू, देवाची कोंड ना ती, मग साफ नको करायला? लोक मला बघून म्हणायला लागले, इली बघ, कोंड साफ करा. मी म्हटलं, चिडवा, पण करा.

वैशाखात देवळात गाव जमलं. गाऱ्हाण्याची रीत ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मानकरी देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने एकेक मागणं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून ते तोंडात इतकं बसलेलं असतं की वाक्य संपायच्या आत आवाज बाहेर पडतो. काय मागितलं हे डोक्यात मागाहून शिरतं.

दीर म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"कोंडीत जो काय गाळ-केर साचलो आसा, तो काढून कोंड साफ करूची आसा. तेका तुझी परवानगी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. माझे डोळे भरून आले होते. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, बघितलंत, माझी गोष्ट देवापर्यंत पोचली. तो म्हणाला, "बरा झाला," आणि आंब्याच्या पेट्या ठोकायला बसला.

साफसफाईच्या दिवशी मी बचत गटातल्या चार बायका घेऊन, खराटे आणि रिकाम्या गोण्या घेऊन निघाले. देवळाच्या वळणावरच तो वास आला. विहिरीत पावडर टाकल्यावर दोन दिवस घागरीला जो वास येतो तोच, पण इतका की डोळे चुरचुरायला लागले.

कोंडीच्या काठावर पंचायतीतून आणलेल्या ब्लिचिंग पावडरीच्या गोण्या रिकाम्या पडल्या होत्या. पाणी दुधट झालं होतं. आणि मासे वर येत होते. आधी छोटे खवळ, आडवे, तोंडं उघडी. मग शेंगट्या. झिंगे पाण्यातून कातळावर चढत होते, एकावर एक, जिथे कोरडं मिळेल तिथे, आणि वर चढले की माणसं त्यांना ओंजळीने टोपलीत भरत होती. कुणाला वाकायचेही कष्ट नव्हते. एक वाम, मनगटाएवढी जाड, पाण्यातून अर्धी बाहेर येऊन वाळूत तोंड खुपसत होती. तिच्या डोळ्यांवर पांढरी साय आली होती. एकाने तिला शेपटीला धरून वर उचललं, दुसऱ्याने मोबाईलवर फोटो काढला. लुंग्या वर खोचलेली, टोपल्या घेतलेली, घामेजलेली, हसणारी ती सगळी माणसं माझ्या ओळखीची होती. त्यातल्या निम्म्यांच्या लग्नात मी जेवले आहे. मला त्यांची किळस आली.

"भावजीनू, ह्या काय चललाहा?" मी दिराला गाठलं. तो काठावर उभा होता, पाण्यात उतरला नव्हता.

"तूच सांगी होतंस मां, कोंड साफ करा? केली साफ."

"मी केर काढूक सांगी होतंय! मासे मारूचे नाय असो कौल आसा देवाचो!"

"मासे खंय मारले?" तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, आणि ती शांतता मी विसरणार नाही. "पाणी शुद्ध केला. बावीत घालतंत तीच पावडर ही. ता पाणी तू पितंस मां? पाणी शुद्ध करताना मासे आपसूक मेले. आता मेलेले काय कुजूक टाकूचे?"

आजूबाजूचे लोक मान डोलवत होते. कौलही मोडला नव्हता, गाऱ्हाणंही झालं होतं. देवाला फसवायला देवाचीच भाषा वापरलेली, आणि ती इतक्या सफाईने की कुणाच्या जिवाला जराही टोचत नव्हतं.

"आणि वयनी," तो जाता जाता म्हणाला, "व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठ्यान तूच म्हटलंस."

पलीकडच्या काठावरून तेव्हा शिट्टी ऐकू आली. करंजाच्या मुळांत आई उभी होती, मागच्या पायांवर, मान ताणून. पिल्लं तिच्या मागे. ती पाण्यात शिरली, दोन हात पोहली, डोकं झटकलं आणि परत फिरली. पुन्हा शिरली, पुन्हा फिरली. चार बायकांनी आणि मी तिला बघितलं. बाकीच्यांनी बघितलं की नाही मला माहीत नाही, कारण सगळ्यांच्या नजरा खाली होत्या.

मी पाणी उपसायला लावलं नाही, वरचा गोण्यांचा बंधारा फोडून पाणी आत सोडलं नाही. नंतर सुचलं. त्या वेळी मी खराटा हातात धरून नुसती शिव्या देत उभी राहिले आणि शिव्या संपल्यावर घरी गेले.

दुपारी वाटा आला. रीतीप्रमाणे घराघराला सारखा, केळीच्या पानावर. शेजारणीने ओसरीवर ठेवला आणि म्हणाली, देवाचा आहे. मी पान उघडलं. आमच्या माहेरी मासा घ्यायचा तर आधी कल्ले उघडतात. लाल असले तर ताजा. या माशांचे कल्ले धुतलेल्या फडक्यासारखे पांढरे होते. असला मासा माझ्या आईने मांजराला घातला नसता.

नवरा म्हणाला, "देवाचो वाटो टाकूचो नाय." एवढंच म्हणाला, आवाजही चढवला नाही. मी त्याच्याशी भांडू शकले असते. सकाळभर गावाशी भांडले होते. पण मी विळीवर बसले. मासे चिंचेच्या पाण्यात धुतले, मिठाने चोळले, पुन्हा धुतले. वास गेला नाही. मग तिरफळं जास्त घातली, आमसुलं जास्त घातली आणि तिखलं केलं. वास गेला.

मी ते जेवले. नुसती नवऱ्याला वाढून बाजूला झाले असते तरी कुणी विचारलं नसतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, भात गरम होता, आणि मी बसले आणि जेवले. ते चांगलं लागलं. हे लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही असं मी म्हणणार नाही. त्या दिवशीच्या सगळ्या घाणीत मला सर्वांत जास्त शिसारी आली ती या गोष्टीची, आणि वर्षभर हे मी कुणाला सांगितलं नाही. गावात मी सांगितलं की माझा वाटा मी माडाच्या मुळाशी पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातळावर गेले. कोंडीच्या काठाला जे गावाला नको होते ते मासे पसरले होते, बोटाहून छोटे, पोटं फुगलेले, त्यांवर माश्या. कातळावर उदाची ताजी घाण होती. नेहमीसारखी घट्ट नव्हती, पाण्यासारखी पसरली होती. मी काडीने बघितलं. आत खवले होते, खवळाचेच. काठावर पडलेलं तिने उचलून खाल्लं होतं, पिल्लांनाही दिलं असणार. तिला तरी दुसरं काय मिळणार होतं? तिने आणि मी एकाच वाट्यातलं खाल्लं होतं. मला कळत होतं काय खाते आहे, तिला नव्हतं.

चौथ्या दिवशी एक पिल्लू खालच्या डबक्यात मेलेलं मिळालं. त्यानंतर कातळावर ताजी घाण पडली नाही.

खात्याच्या कार्यालयात जाऊन मी तक्रार केली. तिथला माणूस चांगला होता, खुर्ची दिली. "ताई, नावं सांगा. गाव असं लिहून चालत नाही, माणसांची नावं लागतात." पहिलं नाव दिराचं सांगावं लागलं असतं. दुसरं, खरं बोलायचं तर, माझं. मी म्हटलं, नीट चौकशी करून येते. तो म्हणाला, या. मी परत गेले नाही.

पाऊस येऊन गेला, थंडी येऊन गेली. मासे चढले असतील, पण कोंडीपर्यंत आलेले मला दिसले नाहीत. गोण्यांचे दोरे पाण्यात तसेच तरंगतात, पंप तसेच धुतले जातात. केर तर आम्ही काढलाच नाही. मी कातळावर जाते. त्यावर शेवाळ आलं आहे. नोंदवहीत मी रोज तारीख घालते आणि पुढे 'नाही' लिहिते.

यंदाच्या वैशाखात पुन्हा गाऱ्हाणं झालं. मी जाणार नव्हते, तरी गेले. बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिले. पावसाचं मागितलं, गुराढोरांचं मागितलं, मुंबईला असलेल्या लेकरांचं मागितलं. प्रत्येकाला व्हय म्हाराजा झालं. माझंही झालं, तोंडाला सवय आहे. मग शेवटचं आलं, जे दर वर्षी असतंच.

"आणि काय चुकला माकला आसात ता पदरात घी, लेकरांक माफ कर रे म्हाराजा."

गावाने तोंड उघडलं. तीच तोंडं, ज्यांनी ते मासे खाल्ले होते. आवाज छपरापर्यंत गेला, आणि मला दिसलं की हे दर वर्षी असंच होणार, आम्ही कोंड मारणार आणि वैशाखात एका वाक्यात मोकळे होणार. माझं तोंडही अर्धं उघडलं होतं. मी ते मिटलं. माझ्या शेजारणीने चमकून माझ्याकडे बघितलं, तिनेच तो वाटा आणून दिला होता.

"म्हण गो," ती हळूच म्हणाली.

"माका माफी नको," मी म्हटलं. "माझो वाटो मी पुरूक नाय. मी तो खाल्लंय."